नवसूचे एकतीस पक्षी

नवसूला पक्षी आवडायचे का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. खायला आवडायचे, एवढं नक्की. तितर कसा भाजावा, लाव्याची हाडं काढावीत की तशीच चावून खावीत, याबद्दल त्याची मतं ठाम होती आणि ती तो न विचारता सांगायचा. पण एखादा पक्षी सुंदर आहे, असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आम्ही शहाणी माणसं दुर्बिणी डोळ्यांना लावून 'अहाहा' करत असू, तेव्हा नवसू बाजूला उकिडवा बसून बिडी ओढायचा आणि आमचं झालं की विचारायचा, "बगून झालं? चला मग."

शिरोत्याच्या धरणाचं पाणी जिथे रानात शिरतं, तिथे वरच्या अंगाला आठ-दहा झोपड्यांची ठाकरवाडी होती. नवसू तिथला. स्वतःचं वय त्याला ठाऊक नव्हतं. धरण बांधलं तेव्हा तो मातीच्या पाट्या उचलायला होता आणि त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. म्हणजे मी सांगतो त्या एकोणीसशे पस्तीस साली चाळिशीच्या आसपास असावा. नाचणी-वरईचा एक तुकडा, लावणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या भातखाचरात मजुरी, आणि उरलेलं वर्षभर फास. हे फास तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचे वळायचा. लोणावळ्याचे टांगेवाले त्याला स्टेशनाच्या आवारात पाहिलं की आधी आपापल्या घोड्यांमागे जाऊन उभे राहायचे.

मी तेव्हा लोणावळा स्टेशनात तारमास्तर होतो. रविवारी घरी राहिलो की विहिरीवरून पाणी भरावं लागायचं, म्हणून मी महिपतरावांच्या पक्षीमंडळात शिरलो. खोटं कशाला बोलू, पक्ष्यांची ओढ वगैरे मागाहून लागली. महिपतराव मूळचे तळेगावकडचे, शेतकरी घरातले. धरणाच्या कामावर ओव्हरसियर म्हणून आले आणि पेन्शनीत निघाल्यावर लोणावळ्यातच राहिले. मंडळात एक डॉक्टर, एक शाळामास्तर, मी आणि आणखी एक-दोघे येऊन-जाऊन. पण मंडळ म्हणजे महिपतराव आणि महिपतराव म्हणजे त्यांची वही. गेली वीस वर्षं मावळात दिसलेला प्रत्येक पक्षी त्यांनी त्या वहीत उतरवला होता: कुठे, कधी, काय करताना. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नसत. मी एकदा उत्साहाच्या भरात एक ससाणा न पाहताच सांगितला, तर म्हातारा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

या वहीतले एकतीस पक्षी नवसूने दाखवलेले होते. आम्हाला जन्मात सापडले नसते असे. दाट रानातला धनेश, कड्याखाली घरटं करणारी मोरघार, बांधाच्या गवतात बसला की मातीतून वेगळा न ओळखू येणारा पाणलावा. तो पुढे चालायचा, थांबायचा, हनुवटीने दिशा दाखवायचा, आणि तिथे पक्षी असायचा. महिपतरावांना तो 'आबा' म्हणायचा. आबा त्याला आपल्या पडवीत शेजारी बसवून चहा द्यायचे, कपबशीतून, जसा आम्हाला तसाच. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती, आणि आमच्यातल्या काहींना ती खटकायचीही.

त्या वर्षी महिपतरावांचं एक स्वप्न खरं व्हायची वेळ आली. मुंबईच्या एका मंडळाचं पक्ष्यांविषयीचं त्रैमासिक निघत असे. त्याचे संपादक एक प्रोफेसर होते. मावळच्या पक्ष्यांची यादी छापू, पण आधी आपली जागा आम्हाला पाहायची आहे, असं त्यांचं पत्र आलं. महिपतराव त्या पत्राने हरखले आणि धास्तावलेही. साठी उलटलेला माणूस, पण परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखा पडवीत येरझाऱ्या घालायला लागला. नवसू बसलेला होताच. आबांनी त्याच्यापुढे चित्रांचं जाडजूड पुस्तक उघडलं होतं. हा त्यांचा नेहमीचा खेळ: चित्र दाखवायचं आणि नवसूने 'हाय' किंवा 'न्हाई' म्हणायचं.

पान उलटताना एक काळापांढरा पक्षी आला, लांब चोच गाजरासारखी तांबडी. समुद्राच्या खडकांवरची कालवं फोडून खातो, म्हणून आम्ही त्याला कालवफोड्या म्हणत असू.

"हा काही आपल्याकडे यायचा नाही," महिपतराव हसून म्हणाले. "हा धरणावर दिसला, तर मुंबईकर टोप्या काढून उभे राहतील."

नवसूने चित्रावर वाकून बराच वेळ पाहिलं. 'हाय'ही म्हणाला नाही आणि 'न्हाई'ही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो वाडीतून नाहीसा झाला. त्याची बायको हिरी बाजाराला आली होती, तिला विचारलं, तर म्हणाली, "लेकीकडं गेल्यात. बायडाकडं. कंदी न्हाई त्ये लेकीची आटवन झाली." बायडा घाटाखाली पेणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका वाडीत दिली होती. मी त्यावर अधिक विचार केला नाही. लेकीची आठवण कुणालाही येऊ शकते.

माघातल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोन छकड्यांतून शिरोत्याला निघालो. प्रोफेसरांच्या अंगात खाकी कोट, गळ्यात दुर्बीण आणि मांडीवर बारीक नळीची बंदूक. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण त्या काळी पक्षी पाहणं आणि पक्षी पाडणं यात फार अंतर नसे. नवा पक्षी दिसला की पुरावा म्हणून तो पाडायचा, कातडं काढून आत कापूस भरायचा, आणि मगच लोक विश्वास ठेवायचे. महिपतरावांना बंदूक आवडत नसे. पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. पाहुण्याला काय बोलणार?

धरणावर नवसू आधीच येऊन बसला होता. चार-पाच दिवसांची दाढी, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले, आणि तोंडावर असा भाव की लग्नघरातल्या यजमानाला सगळं नीट पार पडेल ना याची काळजी लागलेली असावी. पाण्यावर थापट्या होते, चक्रवाक होते, पाणकावळे पंख वाळवत बसले होते. महिपतराव एकेक दाखवत होते. प्रोफेसर मान हलवत होते.

"हे सगळं आमच्या पवईच्या तलावावरही दिसतं," ते म्हणाले. वाईट हेतूने म्हणाले नसतील. पण महिपतरावांचा चेहरा उतरला, तो मला पाहवला नाही.

तेवढ्यात नवसू खाकरला. त्याने हनुवटी उचलून समोरच्या उथळ चिखलाकडे केली. तिथे, सत्तर-ऐंशी पावलांवर, काळापांढरा एक पक्षी उभा होता. चोच गाजरासारखी तांबडी.

महिपतरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. प्रोफेसरांनी खरोखरच टोपी काढली. "घाटावर? गोड्या पाण्यावर?" ते पुटपुटत होते. "महिपतराव, अहो, हे तर पहिल्या पानावर जाईल!" महिपतरावांनी वही काढली, तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. नवसू आमच्याकडे पाहत होता, पक्ष्याकडे नाही. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग प्रोफेसरांनी बंदूक उचलली. बरोबरच होतं त्यांचं. असा पक्षी पुराव्याशिवाय कोण मानणार? त्यांनी एक गुडघा टेकला आणि नेम धरला. नवसू उठला, पाण्यात उतरला, आणि बंदूक आणि पक्षी यांच्या बरोबर मधे जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"मारू नगा! त्यो माजा हाय!"

"तुझा? तुझा म्हणजे?" प्रोफेसर ओरडले. "बाजूला हो, वेड्या!"

"मी आनलाय त्यो. लेकीच्या गावावरनं. खाडीवरनं." नवसू वळला, चिखलातून पक्ष्याजवळ गेला आणि वाकून पाण्यातून एक दगड उचलला. दगडाला केसांची बारीक दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक पक्ष्याच्या पायाला. पक्षी फडफडला. नवसूने त्याला अलगद काखेत घेतला आणि तसाच आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

आधी कुणीच हसलं नाही. मग डॉक्टरांना हसू फुटलं आणि मग सगळेच हसले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं काहीतरी शाळामास्तर म्हणाले. महिपतराव हसले नाहीत. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "नवसू, का केलंस रे हे?"

"का म्हंजी?" नवसूला प्रश्नच कळेना. "पाव्हनं लांबनं आल्यात. तुमीच म्हनला, ह्यो दिसला तर मान व्हईल. आपल्यात न्हवता, म्हून शेजारनं आनला."

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ठाकरवाडीत पाहुणा आला आणि आपल्या घरी कोंबडी नसली, तर शेजारच्या घरून आणायची असते. शेजाऱ्याने ती मुकाट द्यायची असते. आणि पाहुण्याला ती कुणाच्या घरची, हे सांगायचं नसतं. सांगणं हा पाहुण्याचाही अपमान आणि शेजाऱ्याचाही. नवसूने तेच केलं होतं. तीन दिवस घाट उतरून आणि चढून, पाठीवरच्या डालग्यात पक्षी घालून, वाटेत त्याला खायला मडक्यात ओल्या चिखलासकट कालवं आणून. आपल्या आबांच्या पाहुण्यापुढे ताट रिकामं जाऊ नये म्हणून.

महिपतरावांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा रे, आमच्या वहीत कोंबडी कुणाच्या घरची, तेवढंच तर लिहायचं असतं."

नवसूने त्यांच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला कळलं. मी माणसाचा चेहरा असा पडताना फार थोड्या वेळा पाहिला आहे. महिपतरावांनी ताजी ओळ खोडली. प्रोफेसर म्हणाले, आता आणलाच आहे तर कातडं तरी काढू, नमुना चांगला आहे. नवसूने मान हलवली. "जितनं आनला तितं सोडतो," म्हणाला आणि पक्षी काखेत घेऊन तसाच पुन्हा घाटाच्या वाटेला लागला.

इथवर ही एक गमतीची गोष्ट झाली असती. पंधरा दिवसांनी प्रोफेसरांचं पत्र आलं आणि गंमत संपली. पत्र सभ्य होतं. यादी मोलाची आहे, असं त्यात होतं. परंतु तीमधले एकतीस पक्षी ज्या इसमाने दाखवले, त्याची पद्धत आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहे. त्यापैकी किती पक्ष्यांच्या पायाला दोरी होती, हे आज कोण सांगणार? तरी ते एकतीस गाळावेत. किंवा तुमच्या मंडळाबाहेरच्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने ते पुन्हा पाहून, तारीख घालून, सही करून द्यावी. दोन हिवाळे थांबतो.

महिपतरावांनी पत्र दोनदा वाचलं. "गाळणार नाही," एवढंच म्हणाले. त्या हिवाळ्यापासून त्यांना दम्याने धरलं होतं, रानात जाणं संपलं होतं. न गाळलं तर यादी छापून येणार नाही. म्हणजे वीस वर्षं पाण्यात. मला नवसूचा असा काही संताप आला की मी ड्युटी संपल्यावर तडक वाडी गाठली आणि त्याच्या अंगणात उभा राहून त्याला वाटेल ते बोललो. तुझ्या एका कोंबडीपायी आबांची वही खोटी ठरली, म्हणालो. तुझे एकतीसच्या एकतीस पक्षी आता खोटे धरतायत. आज ते शब्द आठवले की मला लाज वाटते.

नवसू खाली मान घालून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "कंचे कंचे एकतीस? नावं सांगा."

मी कागदावरून वाचली. त्याच्या नावांत आणि आमच्या नावांत फरक, म्हणून प्रत्येकाचं वर्णन करून सांगावं लागलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एकदा ऐकून त्याने सगळी जशीच्या तशी म्हणून दाखवली, आणि त्यातली एक माझी चूकही काढली.

"दाकवतो," म्हणाला. "त्यो बाहीरचा मानूस तेवडा बगा."

बाहेरचा प्रतिष्ठित माणूस म्हणून मी वळवणच्या रस्त्याला बंगला असलेल्या एका पारशी शेटजींना गाठलं. शेटजी वजनदार, सर्व अर्थांनी. पक्षी त्यांना फक्त ताटातले ठाऊक. म्हणूनच ते योग्य, असं महिपतरावांचं मत पडलं. मुंबईत त्यांच्या शब्दाला किंमत होती आणि महिपतरावांविषयी आदर. ते हो म्हणाले, पण त्यात आपल्याला काय करावं लागणार याची कल्पना त्यांना कुणी दिली नाही. मी तर मुद्दामच दिली नाही.

नवसूने त्या माणसाला दोन हिवाळे मावळभर फिरवलं. पाणलाव्यासाठी ओल्या खाचरात गुडघाभर उभं केलं. मोरघारीसाठी कड्याच्या तोंडाशी पोटावर झोपवलं. शेटजी सुरुवातीला शिव्या घालायचे, मग नुसतेच धापा टाकायचे, आणि पुढे पुढे रविवारी नवसू यायला उशीर झाला तर फाटकाशी येऊन वाट पाहायला लागले. पक्षी दिसला की ते फाउंटन पेन काढायचे, तारीख घालायचे आणि ऐटीत सही ठोकायचे. सही करण्याआधी नवसू दर वेळी पक्ष्याला उडवून लावायचा. टाळी वाजवून किंवा खडा मारून. पायाला दोरी नाही, हे शेटजींनी पाहावं म्हणून. असं कर असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दोन वर्षांत त्याने यादीतल्या एकाही पक्ष्याला फास लावला नाही. हिरी माझ्यापाशी करवादायची. "मास्तर, तुमची यादी चुलीत घाला. जे गावतं त्ये यादीत, आनि यादीत न्हाई त्ये गावत न्हाई. नुसत्या नाचनीवर दिस काडायचे आमी?" तिचं खोटं नव्हतं. मी एकदा थोडे तांदूळ घेऊन गेलो, तर नवसूने ते घरात घेतले नाहीत. माझ्यावर रागावून नाही. या कामाचं काही घ्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

सदतीस सालच्या फाल्गुनापर्यंत तीस सह्या झाल्या. एकच पक्षी राहिला. कर्णा. छाती लालभडक, डोकं काळं, आणि सवय अशी की दाट सावलीत एकाच फांदीवर पाठ करून तासन्‌तास गप्प बसायचं. राजमाचीच्या वाटेवरच्या रानात, एका ओढ्याच्या घळीत नवसूला त्याची जागा ठाऊक होती. महिना संपायच्या आत यादी पाठवायची होती. आम्ही तिघे गेलो.

दोन तास बसलो. नवसूने हनुवटी उचलली. मी पाहिलं: पानांच्या फटीतून लाल छाती, अगदी समोर. शेटजींच्या चष्म्यावर घामाची वाफ धरली होती आणि ते नेमके तो रुमालाने पुसत होते. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी घाईघाईने चष्मा चढवला, आणि पक्षी गेला. आवाजसुद्धा न करता. संध्याकाळपर्यंत बसलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. तो काही परत आला नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर शेटजींनी खिशातून पेन काढलं. "तीस खरे निघाले," ते म्हणाले. "एकतिसावा खोटा कशाला असेल? मी पाहिला असं समजा. आणा तो कागद."

मी कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. खरं सांगतो, मला त्यात काही गैर वाटलं नाही. नवसूने आपला तळवा कागदावर ठेवला.

"शेटजी, तुमी बगितला का?"

"नाही रे बाबा. पण तू—"

"मग नगं."

माझं डोकं फिरलं. "अरे, मी पाहिला! तू पाहिलास! पक्षी तिथे होता!"

नवसूने माझ्याकडे पाहिलं. "तवा धरनावर बी पक्षी व्हताच की, मास्तर," तो म्हणाला.

मी कागदाची घडी करून खिशात घातली. आम्ही रान उतरलो.

महिपतराव अंथरुणातच उशीला टेकून बसले होते. "दिसला?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नवसू म्हणाला, "मला दिसला, आबा. मास्तरांना दिसला. शेटजींना न्हाई. खोडा." महिपतरावांनी यादी पुढे ओढून कर्णावर रेघ मारली आणि सोबतच्या पत्रात मला एक वाक्य लिहायला लावलं: एक पक्षी कमी केला आहे, ज्याने दाखवला त्यानेच तो कमी करायला लावला.

वैशाखात उत्तर आलं. प्रोफेसरांनी शेटजींच्या सह्यांचे तीसही कागद परत पाठवले होते. यांची आता आवश्यकता नाही, असं लिहिलं होतं. यादी पावसाळ्याच्या अंकात संपूर्ण छापू. दाखवणारा म्हणून नवसू ठाकर याचं नाव त्या तीस पक्ष्यांपुढे घालू. आणि कर्णाबद्दल म्हणाल, तर अशा माणसाच्या नुसत्या शब्दावर तो घ्यायला मी तयार आहे, घेऊ काय ते कळवावे. पत्र ऐकताना महिपतराव रडले. उघड रडले, डोळे पुसायचीही तसदी न घेता. "हे मी ठरवायचं नाही," ते म्हणाले. "ज्याचा शब्द, त्याला विचारून ये."

मी वाडीवर गेलो. नवसू झोपडीच्या कुडाला शेण लिंपत होता. मी पत्र वाचून दाखवलं, मग त्याच्या बोलीत समजावून सांगितलं. हिरी दारातून ऐकत होती. "घ्या म्हनावं की," ती म्हणाली. "सुटाल एकदाचं."

नवसूने हात धुतले. अंगणात येऊन बसला. बिडी पेटवली आणि निम्मी ओढली.

"असा नगं," तो शेवटी म्हणाला. "त्यांना लिवा, हितं या. मी दाकवतो."

"कधी यायचं म्हणून लिहू?"

"पान गळल्यावर. तवा बरा दिसतो. आनि लिवा, बंदूक आनू नगा. ऱ्हायाला आमच्या हितंच ऱ्हा म्हनावं."

मी पिशवीतून कागद काढला आणि मांडीवर घेऊन तसंच्या तसं लिहिलं. खाली सही महिपतरावांची घालू की मंडळाची, असं मी त्याला विचारलं.

"माजी घाला," नवसू म्हणाला आणि शाई लावायला अंगठा पुढे केला. "पाव्हना मी बोलावतोय न्हवं?"